डुलाचं ट्रेनिंग घेतल्यापासून माझंच जुनं बाळंतपण वर आलंय, सोडून देऊ का?

पत्र बरंच मोठं आहे, त्यामुळे थोडक्यात देते, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. वाचक ताईंचं वय ३८, पुण्यात पर्वतीच्या पायथ्याच्या एका वस्तीत राहतात, सकाळी तीन घरी पोळ्या-भाजी करतात, मिस्टर रिक्षा चालवतात. घरात सासू, १७ वर्षांची मुलगी, शाळेतला मुलगा, आणि वरच्या खोलीत दीर-जाऊ. जावेला सातवा महिना लागलाय. मागच्या वर्षी एका संस्थेने वस्तीतल्याच बायकांना डुलाचं ट्रेनिंग द्यायला सुरुवात केली. म्हणजे गरोदर बाईला घरी जाऊन भेटायचं, कळा सुरू झाल्या की तिच्यासोबत दवाखान्यात थांबायचं, पाठ चोळायची, धीर द्यायचा, नंतर बाळाला अंगावर पाजायला मदत करायची. डॉक्टरी काम काहीच नाही. ताई बचत गटातल्या मैत्रिणीबरोबर गेल्या, त्यांना ते मनापासून आवडलं, आणि चार-पाच बाळंतपणांना त्या सोबत थांबल्याही.

अडचण अशी, की "माझ्या मोठीच्या वेळी मला रात्रभर एकटीला टेबलावर ठेवलं होतं, ओरडले तर मांडीवर फटका मारला. मला वाटायचं बाळंतपण असंच असतं. ट्रेनिंगमध्ये कळलं की असं नसतं. आता ते कळल्याचाच त्रास होतोय." रात्री झोप नाही, कणीक मळता मळता हात थांबतात, सासूवर राग निघतो कारण त्या रात्री सासू बाहेर बाकड्यावर बसून राहिल्या, आत आल्या नाहीत. त्यात मागच्या महिन्यात एका १९ वर्षांच्या मुलीच्या डिलिव्हरीला सिस्टरने कोपराने तिच्या पोटावर जोर दिला आणि वर "तेव्हा नाही ओरडलीस" असं ऐकवलं. ताई मुलीचा हात धरून शेजारी उभ्या होत्या, तोंडातून शब्द फुटला नाही, तेव्हापासून "मी कसली डुला" असं झालंय. नवरा म्हणतो तू आधी हसायचीस, हे बंद कर. माझ्या बदलण्यानेच घर बिघडलं असं ताईंना वाटतं. सासू म्हणते असली हलकी कामं आपल्यात करत नाहीत, आणि त्याच तोंडाने म्हणते जावेचं बाळंतपण तूच बघ. मुलीने विचारलं "माझ्या वेळी तुला मारलं होतं का?", तर ताई उत्तर न देता उठून गेल्या. पुढच्या महिन्यात सर्टिफिकेटचा कार्यक्रम आहे, ट्रेनिंगच्या मॅडमनी सांगितलंय स्टेजवर तुमची गोष्ट सांगा, पाहुणे येणारेत. ताईंचा प्रश्न: "बाकीच्या सगळ्या मस्त आहेत, मलाच का होतंय? सोडून द्यावं वाटतं, पण त्यांनी फुकट शिकवलं, सोडलं तर कृतघ्नपणा होईल."

ताई, नमस्कार.

आधी ते "मलाच का होतंय" घेते, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. वर्गातल्या बाकीच्या हसतात, चहा पितात, रोलप्लेमध्ये कळा आल्याची अॅक्टिंग करताना धमाल करतात आणि आपण एकट्याच घरी येऊन रडतो, असं तुम्हाला वाटतंय. पण वर्गात तुम्ही पण हसताच ना? मग तुमच्याकडे बघून त्यांना काय वाटत असेल? हेच, की ही किती छान आहे, हिला काही होत नाही. मी पैजेवर सांगते, त्यातल्या अजून दोघी-तिघी तरी घरी जाऊन गुपचूप हेच करत असणार. त्या मैत्रिणीला, जिच्याबरोबर तुम्ही गेलात, तिला एकदा एकटीला गाठून विचारा, "तुला तुझं बाळंतपण आठवतं का गं आजकाल?" बाकी काही सांगू नका, एवढंच विचारा आणि गप्प बसा.

आणि हे होणं विचित्र अजिबात नाहीये. आपल्याकडे २०१६ साली केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने सरकारी दवाखान्यात बाळंतिणीसोबत एक बाई थांबू शकते असं ठरवलं तेव्हा त्यात अटी घातल्या, की कपडे स्वच्छ हवेत, संसर्गाचा आजार नको, स्टाफच्या कामात मध्ये यायचं नाही, आणि ती बाई स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी. अट बरोबरच आहे, जिने सोसलंय तिला कळतं. पण जिने सोसलंय तिचं ते बाळंतपण कसं झालं होतं, हे कोण विचारतं? ज्या गोष्टीमुळे तुम्ही या कामाला लायक ठरलात तीच गोष्ट तुम्हाला टोचतीये, आणि हे आधीच माहिती असायला पाहिजे होतं, तुम्हाला नाही, शिकवणाऱ्यांना. लेबर रूमचा तो वास, तो हिरवा पडदा, ते स्टीलच्या ट्रेचे आवाज, हे सगळं पुन्हा पुन्हा समोर आल्यावर जुनं वर येणारच.

तुमचं ते "कळल्याचाच त्रास होतोय" वाक्य मी दोनदा वाचलं. सतरा वर्षं तुम्ही "असंच असतं" म्हणून गप्प होतात, आणि खरं सांगू का, त्या "असंच असतं"ने तुम्हाला सांभाळलं पण होतं. दुसरं मूल झालं, घरकामं धरली, संसार उभा केला. आता कोणीतरी चार्ट लावून, बाहुली दाखवून समजावलं की बाईला चालू फिरू द्यायचं असतं, पाणी प्यायला द्यायचं असतं, विचारून तपासायचं असतं, मारायचं तर नसतंच. म्हणजे त्या रात्री तुमच्याशी जे झालं ते बाळंतपणाचा भाग नव्हतंच, ते कुणीतरी केलेलं होतं. याचा राग येणार नाही तर काय होणार. पण म्हणूनच मला शंका आहे की ट्रेनिंग सोडून हे थांबेल का. वर्गाला जाणं बंद होईल, कळलेलं थोडंच परत जाणारे.

म्हणून सोडू का धरू या प्रश्नाला मी लगेच उत्तर देत नाही, कारण तुमच्या पत्रात तीन वेगवेगळे त्रास एकमेकांत गुंतलेत. एक तुमची जुनी जखम, एक त्या १९ वर्षांच्या मुलीच्या वेळी गप्प राहिल्याचा सल, आणि एक घरातली रोजची ओढाताण, वेळेची, पैशाची. तिन्हीचा उपाय एक नाहीये.

त्या मुलीचं आधी बोलू. तुम्हाला जे बघून धक्का बसला ते चुकीचंच होतं, तुमच्या मनाचे खेळ नव्हेत. पोटावर वरून जोर देऊन बाळ ढकलू नये असं जागतिक आरोग्य संघटनेनेच २०१८ च्या सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलंय. बोलण्याचं तर काय सांगायचं, "तेव्हा नाही ओरडलीस" हे वाक्य महाराष्ट्रातल्या किती लेबर रूममध्ये किती बायकांनी ऐकलंय याची गणती नाही, आणि बोलणारी पण बहुतेक वेळा बाईच असते, तीही डबल ड्युटी करून पिचलेली. समजून घ्यायचं म्हणजे माफ करायचं असं नाही बरं का.

पण "मी काही केलं नाही" हे मात्र मला पटत नाही. अमेरिकेत ह्यूस्टनच्या एका सरकारी हॉस्पिटलमध्ये पहिलटकरणींवर केलेला एक अभ्यास १९९१ साली छापून आला होता, सगळ्या मिळून सहाशेच्या वर बायका होत्या. काहींच्या सोबत डुला होती, काहींच्या सोबत कुणीच नव्हतं, आणि काहींच्या खोलीत नुसती एक बाई बसवलेली, ती बोलायची नाही, हात लावायची नाही, फक्त वहीत टिपणं घ्यायची. कुणीच नव्हतं तिथे १०० मागे १८ सिझर झाले, डुला होती तिथे ८, आणि नुसती वहीवाली बाई होती तिथे १३. म्हणजे नुसतं एक माणूस खोलीत आहे, जात नाहीये, याने सुद्धा फरक पडला. आणि तुम्ही तर तिचा हात धरून उभ्या होतात. २०१७ मध्ये १७ देशांतले २६ अभ्यास, १५ हजारांवर बायका, असं सगळं एकत्र करून पाहिलं तेव्हाही हेच निघालं, सलग सोबत असेल तर नॉर्मल जास्त, सिझर कमी, कळांचा वेळ थोडा कमी, आणि अनुभव वाईट होता म्हणणाऱ्या बायका कमी. त्यात कुठेही असं नाही की सोबतीणीने भांडण केलं म्हणून फरक पडला.

भांडायला तुम्हाला ठेवलेलंच नाही तिथे, आणि भांडलात तर पुढच्या वेळी दारातूनच परत पाठवतील, मग पुढच्या मुलीसोबत कोण? पण तोंड पूर्ण बंद ठेवायचं असंही नाही. एक साधी युक्ती आहे, स्टाफशी बोलायचंच नाही, बाईशी बोलायचं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "अगं, आता सिस्टर तपासणार आहेत हां, तुला चालेल ना? तयार झालीस की सांग." समोरच्या माणसाचा हात आपोआप थांबतो, कारण उत्तर यायचं बाकी असतं. कुणी पोटावर हात टाकायला लागलं तर, "सिस्टर पोट दाबू का विचारतायत, तुला कसं वाटतंय सांग त्यांना." सिस्टरने विचारलेलं नसतं, पण विचारलंय असं धरून चालायचं, तिलाही माघार घ्यायला वाट मिळते. कुणी घाण बोललं तर तुम्ही तिच्या कानापाशी, पण स्पष्ट, "तू छान करतीयेस, माझ्याकडे बघ." हे वर्गात तोंडी प्रॅक्टिस करून घ्या, आयत्या वेळी सुचत नाही, भल्याभल्यांना सुचत नाही. मग घरी आल्यावर त्याच दिवशी वहीत तारीख, वेळ, काय झालं, कोण काय बोललं हे लिहायचं आणि मॅडमकडे द्यायचं. दवाखान्याच्या वरच्या लोकांशी बोलणं हे संस्थेचं काम, ते तुमच्या अंगावर घेऊ नका. २०१७ च्या शेवटी सुरू झालेल्या सरकारच्या 'लक्ष्य' या लेबर रूम सुधारण्याच्या कार्यक्रमात बाळंतिणीला मानाने वागवणं हा भाग आहेच, त्याचा धागा धरून संस्थेला बोलता येतं. फक्त त्या मुलीचं नाव तिला विचारल्याशिवाय कुठे द्यायचं नाही, तिला अजून त्याच दवाखान्यात बाळाच्या लसीला जायचंय.

आणि ती मुलगी कशी आहे आता? पत्रात लिहिलं नाहीत. जाऊन या एकदा. माझा अंदाज आहे तिला कोपर पण आठवत असेल आणि तुमचा हात पण.

आता सासूबाई. इथे मी तुम्हाला जरा थांबवते. तुम्ही लिहिलंय त्या बाहेर बसून राहिल्या, आत आल्या नाहीत. सतरा वर्षांपूर्वीचं हे. तेव्हा हा सोबतीचा नियम आलाही नव्हता, लेबर रूमच्या दाराशी आयाबाई उभी असायची आणि नातेवाईकांना हाकलून लावायची. तुम्ही त्यांना कधी विचारलंय का, "आई, त्या रात्री तुम्हाला आत सोडलं नव्हतं का?" कदाचित त्या म्हणतील मला नव्हतं यायचं, असंही असू शकतं. पण कदाचित त्या बाकड्यावर बसून रात्रभर तुमचं ओरडणं ऐकत असतील. त्यांची स्वतःची बाळंतपणं बहुधा गावी, सुईण आणि चार बायका भोवती असताना झाली असतील. आज महाराष्ट्रात १०० पैकी जवळपास ९५ बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि ते चांगलंच आहे, जीव वाचतात, पण या सगळ्यात त्या चार बायका मात्र दाराबाहेर राहिल्या. तुमच्या सासूबाई त्यातल्याच एक असू शकतात. राग धरायचा तर धरा, पण आधी विचारून घ्या.

"हलकी कामं" वर मात्र त्यांना सूट नाही. बाळंतपणाचं काम ठरावीक जातीच्या बायकांवर ढकलायचं आणि मग त्याच कामाला हलकं म्हणायचं, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. याच पुण्यात १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, विधवा बायका तिथे येऊन बाळंत व्हायच्या आणि सावित्रीबाई त्यांचं सगळं बघायच्या. तिथे जन्मलेला एक मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. पुढे १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांचं सेवासदन पुण्यात सुरू झालं, त्यांनी बायकांना नर्सिंग शिकायला ससून हॉस्पिटलमध्ये पाठवलं तेव्हाही लोक नावं ठेवतच होते. सासूबाईंना लेक्चर देऊ नका हं, मुलीला सांगा, ती आजीला बरोबर सांगेल, या वयातल्या मुली आजीला ऐकवायला टपलेल्याच असतात.

मिस्टरांचं मी थोडं वेगळं बघते. "तू आधी हसायचीस" असं म्हणणारा माणूस लक्ष ठेवून आहे. त्याचा उपाय, हे बंद कर, तो चुकीचा वाटतो मला, पण निरीक्षण चुकीचं नाही. आणि तक्रारीतला काही भाग सरळ व्यवहाराचा आहे. रात्री दोनला फोन आला की तुम्हाला सोडायला कोण जातं? रिक्षा कोणाची? सकाळी पोळ्यांना दांडी पडली तर त्या घरचे पैसे कापतात ते कोण भरून देतं? घर तुमच्या बदलण्याने बिघडलं असं तुम्ही लिहिता, पण मला दिसतंय की अख्खं घर एका संस्थेच्या कार्यक्रमाला फुकटात हातभार लावतंय आणि त्याबद्दल कुणीच काही बोलत नाहीये.

इथे येतो तो कृतघ्नपणा. ताई, त्यांनी तुम्हाला फुकट शिकवलं हे खरं. पण तुम्हीही त्यांना फुकट रात्री दिल्यात, दांडीचे पैसे सोसलेत, नवऱ्याची रिक्षा वापरलीत. वस्तीतल्या बायकांची डुला करायची ही कल्पना अमेरिकेत शिकागोमध्ये १९९६ ला सुरू झाली, कमी वयात आई होणाऱ्या मुलींसाठी त्यांच्याच मोहल्ल्यातल्या बायका तयार केल्या. त्या लोकांनी पुढे या कामाच्या पाच अत्यावश्यक गोष्टी लिहून काढल्या, त्यातल्या काही तुमच्या मॅडमनी शिकवल्याही असतील, की डुला त्याच वस्तीतली असावी, गरोदरपणापासून बाळ काही महिन्यांचं होईपर्यंत सोबत असावी, वगैरे. पाचवी गोष्ट अशी आहे की डुलाच्या कामाची किंमत करायची ती पगार, देखरेख आणि आधार देऊन. कौतुक, सन्मानचिन्ह, साडी यांचा त्यात उल्लेख नाही! आपल्याकडे नेमकी हीच पाचवी गळते. आशाताईंचं बघा, २००५ पासून काम त्यांच्याच जिवावर चाललंय पण त्या 'स्वयंसेविका', पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला, आणि तोही मिळवायला मोर्चे काढायला लागतात.

तर संस्थेशी बोला, भांडायचं म्हणून नाही. एका बाळंतपणामागे मानधन किती, रात्रीचा रिक्षाखर्च वेगळा का, मी दमले तर बारा तासांनी मला सोडवायला दुसरी कोण येणार, दवाखान्याची लेखी परवानगी आणि ओळखपत्र आहे का, आणि वाईट प्रसंग झाला तर दोन दिवसांच्या आत माझ्याशी बसून कोण बोलणार? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. बाळंतपणाहून आलेल्या बाईला बसवून "तुला काय झालं तिथे" हे विचारणं हा ट्रेनिंगचाच भाग असायला पाहिजे, वर्ग संपल्यावर सुद्धा, महिन्यातून एकदा तरी सगळ्यांनी एकत्र बसून. हे वाचणाऱ्यांमध्ये कुणी असं ट्रेनिंग चालवणारे असतील तर त्यांना पण सांगते, पहिल्याच आठवड्यात बायकांना सर्कलमध्ये बसवून "आपापली बाळंतपणाची गोष्ट सांगा" म्हणणार असाल तर ती गोष्ट उघडल्यावर पुढे काय करायचं ते आधी ठरवून ठेवा, नाहीतर विचारूच नका. आणि ज्या बायका असल्या ट्रेनिंगला नाव द्यायच्या विचारात आहेत त्यांनी हे प्रश्न पहिल्या मीटिंगमध्येच विचारावेत, तेव्हा विचारणं सगळ्यात सोपं असतं.

हे सगळं होऊच शकत नाही असंही नाही. जामखेडला आरोळे डॉक्टर पती-पत्नींनी १९७० मध्ये काम सुरू केलं आणि गावागावातल्या बायका आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या, कितीतरी अक्षरओळख नसलेल्या, दलित. त्या बायका दर आठवड्याला परत जामखेडला एकत्र जमायच्या, शिकायच्या, आपापल्या घरच्या-गावच्या भानगडी एकमेकींना सांगायच्या. त्यांच्यात जो बदल झाला त्याचं कौतुक जगभर झालं, पण मला विचाराल तर तो बदल टिकला तो या परत परत जमण्यामुळे. एकट्या बाईला शिकवून वस्तीत सोडून दिलं असतं तर तिचं तुमच्यासारखंच झालं असतं.

जावेचं काय करायचं? इथे माझं मत ठाम आहे, तिची डुला होऊ नका. जाऊ म्हणून राहा. एका वेळी एकच बाई आत सोडतात, तुम्ही आत गेलात तर तिची आई बाहेर, आणि काही कमीजास्त झालं तर जन्मभर घरात तुमचं नाव निघणार. त्यात तुमची स्वतःची जखम ताजी, सासूबाई बाहेर बाकड्यावर, सगळा तोच देखावा. पण आधी जावेला विचारलंय का कुणी? तिला कोण हवंय? तिला आई हवी असेल तर आत्तापासून त्या आईला दोन दुपारी बोलवून दाखवा, माकडहाडाच्या जरा वर तळहाताने कसा दाब द्यायचा, कळ आली की श्वास लांब कसा सोडायला लावायचा, कुठल्या दवाखान्यात सोबतीला सोडतात ते आधी जाऊन कसं विचारायचं. डुला तुमच्याच बॅचमधली दुसरी कुणी होऊ दे. तुम्ही घरी शेक-शेगडी, खुराक, बाळाला धरायचं, ते बघा. आणि सासूबाईंना हे तुम्ही सांगू नका, दिराने सांगावं.

मुलीचा प्रश्न. तिने विचारलं आणि तुम्ही उठून गेलात, म्हणजे उत्तर तिला कळलंच आहे. फक्त तिने त्याचा अर्थ काय लावला ते तुम्हाला माहिती नाही, कदाचित "माझ्यामुळे आईला मार बसला" असा लावला असेल. तेव्हा सांगून टाका, लांबलचक नको. हो, मारलं होतं. मारणं चुकीचं होतं. तू त्यात कुठेच नव्हतीस, तू आल्यावर मला फार बरं वाटलं होतं, जे काय वाटलं होतं ते सांगा, पण खरं तेच सांगा, गोड करून नको. ती १७ची आहे, तिला पुढे हे सगळं लागणारे. आपलं बाळंतपण कसं होणार याची भीती आत्ताच तिच्या मनात बसली असेल तर तिला सांगायला तुमच्याइतकी चांगली माहिती असलेलं माणूस तिला दुसरं मिळायचं नाही.

आता सोडायचं का. मला दोन टोकांच्या मधला एक रस्ता दिसतो. डुलाचं काम म्हणजे फक्त लेबर रूम नाही, अर्ध्याच्या वर काम आधी आणि नंतर असतं. गरोदर बायकांच्या घरभेटी, सोनोग्राफीला सोबत, चीक पाजायला मदत, टाक्यांची काळजी, बाळंतिणीशी बोलणं. तीनेक महिने मला लेबर रूमची ड्युटी देऊ नका, बाकी सगळं करते, असं मॅडमना सांगा. त्यात झोप परत येते का, हसू परत येतं का बघा. नंतर जायचं झालं तर पहिली काही बाळंतपणं जोडीने करा, एक दारात, एक आत, चार-पाच तासांनी अदलाबदल. आणि तीन महिन्यांनी वाटलं की नाही, लेबर रूम आपल्याला नको, तर नको. घरभेटींचं काम करणारी बाई अर्धी डुला नसते. तेही नको वाटलं तर पोळ्या चालूच आहेत, शिकलेलं वाया जात नाही, वस्तीत एखादी पोर विचारायला आली तर सांगालच ना तुम्ही.

एक गोष्ट मात्र पुढे ढकलू नका. झोप जाऊन किती दिवस झाले ते लिहिलं नाहीत, पण महिन्याच्या वर चाललं असेल, ती रात्र डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा येत असेल, दवाखान्याच्या रस्त्याने जायला नको वाटत असेल, तर हे मैत्रिणीशी बोलून जाणारं नाही. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीचा, नंबर आहे, फुकट, कधीही लावा, मराठीत बोलतात. ससूनला मानसोपचार विभाग पण आहे. जीव नकोसा वाटायला लागला तर त्याच दिवशी घरात सांगा, मिस्टरांना सांगा, आणि तो नंबर लावा.

राहिला स्टेजवरचा प्रश्न. कार्यक्रमाला देणगीदार येणार, त्यांना एक हसरी, बदललेली बाई बघायची असणार, आधी अशी होते आता अशी झाले. तुमची गोष्ट अजून तशी झालेली नाही आणि झाली तरी ती माइकवर सांगायची का हे तुम्ही ठरवायचं. आत्ताच्या अवस्थेत ती चारशे लोकांपुढे सांगितलीत तर घरी येऊन अजून आठ दिवस झोप जाईल, असं मला वाटतं. मॅडमना फोन करा, व्हॉट्सअॅप मेसेज नको, फोनच. "मॅडम, मी सर्टिफिकेट घ्यायला येणार, पण माझ्या बाळंतपणाबद्दल बोलणार नाही. बोलायचंच असेल तर त्या मुलीच्या पोटावर कोपर ठेवलं त्यावर आपण दवाखान्याशी काय बोललो, ते सांगेन." मॅडम चांगल्या असतील तर आधी दवाखान्यात जातील.